कुऱ्हाडीनंतरची माती

सागाच्या रोपवनात विरळणी झाली की लाकडाचा हिशेब लगेच मांडला जातो. किती घनमीटर माल निघाला, परतवाड्याच्या डेपोत काय भाव आला, हे सगळे विचारतात. उरलेल्या झाडांना ऊन-पाणी मिळून ती जाड होतात, हेही खरं. पण झाडं गेल्यावर खालच्या मातीचं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. जगभरच्या मातीच्या वरच्या एका मीटरच्या थरात साधारण १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरणात आहे तो याहून कितीतरी कमी, ८७० अब्ज टनांच्या आसपास.

मातीतल्या या साठ्याचा मोठा वाटा थंड प्रदेशात आहे. फिनलंड, रशिया, कॅनडाच्या सूचिपर्णी जंगलांत पाला पडतो, पण थंडीमुळे जिवाणू आणि बुरशीचं काम संथ चालतं. कुजण्यापेक्षा साचणं जास्त, म्हणून तिथे झाडांपेक्षा जमिनीत कार्बन अधिक असतो. विरळणीने सावली कमी होते, जमीन तापते, कुजण्याचा वेग वाढतो आणि वरून पडणारा पालाही घटतो. उलट तोडलेल्या झाडांची मुळं आणि तिथेच टाकलेल्या फांद्या मातीत भर घालतात. निव्वळ परिणाम या ओढाताणीवर ठरतो. समशीतोष्ण जंगलांतल्या वृक्षतोडीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात मातीतला कार्बन सरासरी ८ टक्के घटलेला दिसला. वरच्या पाल्याच्या थरातली घट तर ३० टक्के होती, खालच्या खनिज मातीत मात्र ठळक फरक नव्हता. विरळणीत सगळं रान साफ होत नाही, त्यामुळे तिचा फटका सहसा याहून सौम्य असतो.

आता मेळघाटात या. १९७४ पासून इथे व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याच्या गाभ्यात कुऱ्हाडीला जागा नाही. विरळणीचा प्रश्न आहे तो बाहेरच्या सागवनांचा. इथे थंडीची राखण नाही. सागाचं भलंमोठं पान पडतं, वाळवी त्याला लागते, पहिल्या पावसानंतर उरलेलं झपाट्याने कुजतं. टिकतो तो चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेला कार्बन. बेसॉल्टपासून झालेल्या आपल्या मातीत ही धरून ठेवण्याची ताकद मोठी आहे. पण पूर्णेच्या खोऱ्यात ती खोल आणि काळी असली, तरी डोंगरउतारावर उथळ, मुरमाड आहे. उघड्या उतारावर जुलैचा पाऊस कोसळला की सुपीक थर सिपना, गडगा नद्यांतून थेट तापीकडे निघतो.

त्याहून मोठा शत्रू वणवा. फेब्रुवारीपासून रान वाळतं, विरळणीत पडलेल्या काटक्या तर आयतं सरपण. जाळरेषा राखल्या नाहीत तर मातीत जायचा कार्बन एका दुपारी धुरात जातो. म्हणून मेळघाटापुरतं माझं मत असं, की किती झाडं काढली याहून, नंतरची दोन-तीन वर्षं आग, चराई आणि वाहून जाणारी माती कुणी रोखली, हे जास्त महत्त्वाचं.

मातीला काय परत दिलं याने किती फरक पडतो, हे शेतात दिसतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू पिकांवर खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. ज्या वाफ्यांना रासायनिक खतांबरोबर शेणखतही मिळत गेलं, तिथे सेंद्रिय कार्बन अधिक राहिला. जिथे काहीच दिलं नाही, तिथे तो सर्वांत कमी. एक गोष्ट मनात ठेवावी, मातीचा काळा रंग पाहून ती कार्बनने भरलेली आहे असं समजू नये. आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या शेतांत सेंद्रिय कार्बन एक टक्काही भरत नाही.

शेत आणि वन यांत फरक खूप, पण मातीला परत काय मिळालं हा प्रश्न दोन्हीकडे तोच. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरच्या गावकऱ्यांनी सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड जंगलाची राखण केली आणि त्यातून सीताफळाचं उत्पन्न घेतलं. विरळणी झालेल्या सागवनातही अशी राखण हवी. जाड माल न्यावा, पण बारीक फांद्या आणि पाला उतारावर समपातळीत आडवे टाकावेत आणि जाळरेषेपासून लांब ठेवावेत. आणि तोडीआधी, मग दोन आणि पाच वर्षांनी, त्याच जागची माती तपासावी. अकोल्याचं विद्यापीठ आणि नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, दोन्ही इथून जवळच आहेत.