देव अनेक, चिटणीस एक

अकरा वर्षे मी आमच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस होतो. बिनपगारी हा शब्द मुद्दाम वापरण्याचे कारण नाही, कारण पगार तेथे कोणालाच नव्हता. संस्था एका ध्येयवेड्या गृहस्थांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती, आणि तिचा सारा हिशेब त्यांच्या डोक्यात असे. एका वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने हिशेबाची वही मागितली. मागणी साधी होती. परंतु संस्थापकांना तो आपल्या प्रामाणिकपणावरचा घाला वाटला. ते उठून गेले. त्यांच्यामागोमाग निम्मे सभासद गेले. उरलेल्यांना कपाटाच्या किल्ल्या कोठे असतात हेही ठाऊक नव्हते. दोन वर्षांत वाचनालयाला कुलूप लागले. संस्थेची घटना त्या कपाटातच होती. ती कोणी उघडून पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. जेथे पगार नाही तेथे हुकूम चालत नाही. जेथे हुकूम चालत नाही तेथे कारभार कसा चालावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी एका अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोचलो. पाश्चात्त्य देशांतील 'पेगन' धर्मसंस्था हे ते ठिकाण होय. वाचनालयाला निदान पुस्तके तरी असतात. या मंडळींना सर्वमान्य धर्मग्रंथ नाही, प्रेषित नाही, पोप नाही, आणि देव मात्र अनेक! अशा लोकांना एकत्र ठेवणे ज्यांना जमले, त्यांच्याकडून आपल्याला काही शिकता येईल असे मला वाटले. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम शब्दाविषयी. 'पेगानुस' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ खेडवळ, गावंढळ असा. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पसरल्यावर जे जुन्याच देवांना धरून राहिले, त्यांना हेटाळणीने हे नाव मिळाले. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील काही लोकांनी आपल्या ख्रिस्तपूर्व देवदेवतांची व निसर्गाची उपासना नव्याने सुरू केली आणि हे हेटाळणीचे नाव आपण होऊन स्वीकारले. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांनी 'विका' पंथाची ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे ड्रुइड, नॉर्स, बाल्टिक अशा अनेक शाखा वाढल्या. पण उपासना ही घरात किंवा रानात करता येते. विवाह लावायचा, प्रेत पुरायचे, जागा घ्यायची, म्हणजे कायद्याला दिसेल अशी संस्था लागते. कारभाराचा प्रश्न उभा राहतो तो येथे.

आइसलँडचा दाखला

या बाबतीत आइसलँड या बेटाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. इ. स. ९३० च्या सुमारास तेथे 'आल्थिंग' नावाची लोकसभा भरू लागली. राजा नव्हता. 'गोधी' नावाचे प्रमुख एकाच वेळी पुरोहितही असत आणि राजकीय पुढारीही. कायदा लिहिलेला नव्हता. कायदा सांगणारा एक अधिकारी त्याचा एकतृतीयांश भाग दरवर्षी सभेपुढे तोंडपाठ म्हणून दाखवी. इ. स. १००० च्या सुमारास याच सभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा निर्णय घेतला. म्हणजे तेथे जुना धर्म रणांगणावर हरला नाही, तो सभेतल्या निवाड्याने मागे पडला.

जवळजवळ पावणेदहा शतकांनंतर, १९७२ च्या एप्रिल महिन्यात, तेथील पंचांगाप्रमाणे उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, 'आसात्रूआरफेलागिद' ही संस्था स्थापन झाली. नावाचा अर्थ, 'आस' म्हणजे जुन्या देवांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा संघ. तिचे प्रमुख स्वेनब्यर्न बेन्तेन्सन हे मेंढपाळी करणारे शेतकरी आणि जुन्या छंदांत रचना करणारे कवी होते. लांब पांढरी दाढी, हातात चिलीम, आणि मुखोद्गत असलेली पुराणकाव्ये, असे हे व्यक्तिमत्त्व. १९७२ च्या अखेरीस ते व त्यांचे सहकारी नोंदणीची मागणी घेऊन मंत्र्यांना भेटले. ते बाहेर पडल्यावर राजधानीत वीज कडाडली आणि शहराच्या मध्यभागातील दिवे गेले, अशी आठवण तेथे गमतीने सांगितली जाते. मेघगर्जनेचा देव थोर आपल्या भक्तांच्या बाजूने बोलला म्हणे! देशाच्या बिशपांचा विरोध होता. परंतु धर्मस्वातंत्र्य तेथील घटनेत १८७४ पासूनच होते, आणि १९७३ मध्ये नोंदणी झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्वेनब्यर्न यांच्या शेतावर, भर पावसात, पहिला जाहीर 'ब्लोत' म्हणजे देवांप्रीत्यर्थ समारंभ पार पडला.

आता कारभाराकडे वळू. या संस्थेची रचना दोन खुर्च्यांवर उभी आहे. एक खुर्ची धार्मिक प्रमुखाची. त्याला 'अल्सहेर्यारगोधी', म्हणजे सर्वांचा गोधी, असे प्राचीन नाव आहे. त्याच्या हाताखाली निरनिराळ्या भागांतील गोधी नामकरण, विवाह, अंत्यविधी असे संस्कार करतात. दुसरी खुर्ची कार्यकारी मंडळाची. त्याला 'लोग्रेट्टा' म्हणतात. हेही जुन्या लोकसभेतीलच नाव. पैसा, जमीन, करार, पत्रव्यवहार हे सारे मंडळ पाहते. आणि या दोहोंच्या वर सभासदांची वार्षिक सभा असते. पूर्वीचा गोधी पुरोहितही होता आणि सत्ताधारीही. नव्यांनी नावे जुनी ठेवली, पण ते दोन अधिकार वेगळे केले. मला यातले शहाणपण फार मोलाचे वाटते. ज्याच्यापुढे आपण श्रद्धेने उभे राहतो त्याच्याकडेच हिशेब मागणे कठीण जाते, हे मी स्वतः पाहिले आहे.

ही रचना कसोटीला लागली ती संस्थापक गेल्यानंतर. स्वेनब्यर्न १९९३ च्या डिसेंबरात वारले. पहिल्या वीस वर्षांत सभासद शंभराच्या आसपासच होते, त्यामुळे सारे घरगुती रीतीने चालून जाई. १९९४ मध्ये य्योर्मुंदुर इंगी हान्सेन प्रमुख झाले. तेही स्थापनेपासूनचे सहकारी. त्यांच्या काळात संस्था वाढली, १९९९ मध्ये स्वतंत्र दफनभूमी मिळाली. परंतु पुढे संस्थेत मतभेद विकोपाला गेले आणि २००२ मध्ये त्यांचे पद गेले. योनिना क्रिस्टिन बेर्ग या बाईंनी मधल्या काळात प्रमुखपद सांभाळले. २००३ मध्ये संगीतकार हिल्मर अर्न हिल्मरसन प्रमुख झाले. हान्सेन यांनी पुढे स्वतंत्र संघ काढला.

यात कोण बरोबर होते हे ठरविण्याचा मला अधिकार नाही. मला महत्त्वाची वाटते ती एवढीच गोष्ट, की भांडण झाले, माणसे दुखावली, प्रमुख गेला, आणि तरीही कुलूप लागले नाही. किल्ल्या कोणाकडे द्यायच्या हे आधीच ठरलेले होते. पुढे सभासद पाच हजारांच्या वर गेले. पावणेचार लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात हा आकडा लहान नव्हे.

पैशाची गोष्ट

आइसलँडमध्ये नोंदलेल्या प्रत्येक धर्मसंस्थेला तिच्या सोळा वर्षांवरील सभासदांच्या संख्येप्रमाणे सरकारी तिजोरीतून रक्कम मिळते. वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागत नाही. वरवर पाहता ही मोठी सोय आहे. पण तिच्यात धोकाही आहे, आणि तो त्याच देशातील दुसऱ्या एका पेगन संस्थेने दाखवून दिला. प्राचीन सुमेरियन देवांच्या नावाने 'झूइझम' ही संस्था तेथे २०१३ मध्ये नोंदली गेली. तिचे सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि कार्य जवळजवळ काहीच नव्हते. २०१५ मध्ये नवी मंडळी तिचा ताबा घेऊन पुढे आली व त्यांनी जाहीर केले, की सरकारकडून येणारा पैसा आम्ही सभासदांनाच परत वाटू. धर्मसंस्थांना पैसा देण्याच्या पद्धतीवरचा तो निषेध होता. काही आठवड्यांत सभासद तीन हजारांवर गेले! मग खरे चालक कोण, यावर वाद पेटला, पैसा अडकून पडला, आणि प्रकरण पुढे न्यायालयापर्यंत गेले.

दोन्ही संस्थांचे देव प्राचीन, कायदा एक, पैशाचा झरा एक. फरक एवढाच, की एकीकडे दरवर्षी भरणारी सभा होती आणि तोंडओळख असलेले सभासद होते. दुसरीकडे नुसती यादी होती. सभासद म्हणजे केवळ नाव नव्हे, सभेत येऊन बसणारा माणूस, हे यावरून ध्यानात येते.

आसात्रू संघाचेही सर्व काही सुरळीत झाले असे नाही. राजधानी रेक्याविक येथील एका टेकडीवर मंदिर बांधण्यास २०१५ मध्ये सुरुवात झाली. ते वर्षभरात पुरे होईल अशी अपेक्षा होती. काम वर्षानुवर्षे लांबले. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी जमणाऱ्या मंडळाने बांधकाम करवून घेणे म्हणजे काय, हे ज्यांनी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार पाहिला आहे त्यांना सांगावयास नको.

एकमताची वाट

अमेरिकेतील मंडळींनी वेगळी वाट धरली. तेथे विका पंथाचे लोक 'कोव्हन' नावाच्या लहान गटांत जमतात. परंपरेने गटात फार तर तेरा माणसे. प्रत्येक गट स्वतंत्र. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील काही गटांनी मिळून 'कव्हनंट ऑफ द गॉडेस' हा संघ स्थापन केला. त्याने गटांच्या उपासनेत हात घालायचा नाही. कायद्यापुढे पुरोहित म्हणून ओळखपत्र देणे यांसारखी समाईक कामे करायची. निर्णय बहुमताने नव्हे तर एकमताने घ्यायचे. वर्षातून एकदा महासभा भरते. प्रस्तावावर चर्चा होते. ज्याला तो पसंत नाही पण चालण्यासारखा आहे तो बाजूला राहतो. ज्याला तो मुळीच मान्य नाही तो अडवू शकतो.

बहुमतात हरलेला माणूस सभागृहाबाहेर जाऊन नवी संस्था काढतो. एकमतात त्याला आतच थांबून बोलावे लागते. हा मोठा गुण आहे. पण त्याची किंमत वेळाने मोजावी लागते. रात्री अकरापर्यंत चर्चा चालते, आणि ज्याला सकाळी कामावर जायचे आहे तो थकून मान डोलावतो. म्हणजे निर्णय अखेर ज्याच्याजवळ वेळ अधिक त्याचा होतो.

याचेच दुसरे रूप जो फ्रीमन या विदुषींनी अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीत पाहिले. १९७० मध्ये दिलेल्या व पुढे लेखरूपाने प्रसिद्ध झालेल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले, की 'आमच्यात पुढारी नाहीत, नियम नाहीत' असे म्हणणाऱ्या गटातही सत्ता असतेच. ती फक्त मैत्रीच्या आडोशाला लपते. उघड पदाधिकाऱ्याला तुम्ही जाब विचारू शकता. जो पदावरच नाही त्याला कोण विचारणार? पेगन संस्थांना हा लेख जणू त्यांच्यासाठीच लिहिलेला आहे. सान फ्रान्सिस्को येथील 'रिक्लेमिंग' या संस्थेचा कारभार आरंभी एका लहान सामूहिक मंडळाकडे होता. पसारा वाढल्यावर १९९७ मध्ये त्या मंडळाने स्वतःलाच विसर्जित केले, सर्वांना मान्य अशी तत्त्वे कागदावर मांडली आणि काम निरनिराळ्या गटांकडे सोपविले. हातची सत्ता आपण होऊन सोडणारी मंडळे जगात फार नाहीत.

संस्थापकाच्या मोठेपणाचा धोकाही या लोकांनी ओळखला आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये ड्रुइड संघ स्थापणारे आयझॅक बॉनविट्स यांनी त्याआधीच, १९७९ मध्ये, एखादा पंथ सभासदांना कितपत घातक ठरेल हे मोजण्यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली होती. पुढाऱ्याच्या हाती किती सत्ता आहे, पैसा कोणाकडे जातो, संघ सोडणाऱ्याला अडवतात का, असे तिच्यात मुद्दे आहेत. एक मुद्दा तर असा, की संघाची थट्टा केलेली सभासदांना कितपत खपते! ते स्वतः प्रकृतीच्या कारणाने १९९६ मध्ये प्रमुखपदावरून दूर झाले आणि त्यानंतर ते पद निवडणुकीने भरले जाऊ लागले.

इंग्लंडमध्ये शिस्त कायद्याने आणली. 'द ड्रुइड नेटवर्क' या संस्थेला २०१० मध्ये धर्मादाय संस्था म्हणून मान्यता मिळाली. तिचे सभासद काही शेच होते. पण अर्ज करताना आपण काय मानतो, कशासाठी जमतो आणि समाजाला त्याचा लाभ काय, हे त्यांना स्पष्ट शब्दांत मांडावे लागले. अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले उत्तर पुष्कळदा आपल्यालाच उपयोगी पडते.

या सर्वांतून मला जे समजले ते थोडक्यात असे. श्रद्धेचा मान आणि पैशाची किल्ली एका हातात देऊ नये. पदाला मुदत असावी, म्हणजे जाणाऱ्याला अपमान वाटत नाही आणि थकलेल्याला सुटका मिळते. हिशेब मागण्याची वाट पाहू नये. तो मागण्यापूर्वीच मांडावा. आणि नियम स्नेह असतानाच लिहून ठेवावेत. भांडण सुरू झाल्यावर लिहिलेला प्रत्येक नियम कोणाच्या तरी विरुद्ध लिहिल्यासारखा वाटतो.

आमच्या वाचनालयाच्या संस्थापकांचा प्रामाणिकपणा वादातीत होता, हे मी आजही सांगेन. पुढे ती वही सापडली, आणि तिच्यात एका पैचीही चूक नव्हती. ती वही दरवर्षी सभेपुढे ठेवण्याची चाल असती, तर तरुण सभासदाचा प्रश्न प्रश्नच राहिला असता, आरोप झाला नसता. ती चाल पाडणे चिटणीसाचे काम होते. म्हणजे माझे.