लिंबू की मोसंबी? (लेखांक ११)

एफ १.४ आणि एफ १.८ यांच्या किमतीतल्या फरकाचा हिशेब आज मांडायचं मी कबूल केलं होतं. तो पुढच्या खेपेला. मध्येच भाडगावच्या एका तरुण स्टुडिओवाल्याचा मेसेज आला आणि चार दिवस माझं डोकं त्यातच अडकून पडलं.

त्याच्याकडे क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, आहे आणि ८५ एफ १.८ लेन्स आहे. ती लेन्स विकून, वर भर घालून, जुनी १३५ एफ २ मिळते आहे. ‘सर, मंगल कार्यालयात बॅकग्राउंड पाहिजे तसं उडत नाही. १३५ ने उडेल ना?’

मी ‘हो’ असं टाइपही केलं होतं. मग ‘कार्यालयात’ या शब्दावर नजर गेली आणि ते पुसलं.

बॅकग्राउंड उडवतो कोण? आपल्याकडे सगळे आकड्यावर बोट ठेवतात: एक पॉइंट आठ, दोन, दोन पॉइंट आठ. हा आकडा प्रकाशाच्या हिशेबाला बरा. मागचं किती विरघळणार हे ठरतं लेन्समधल्या भोकावर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून समोरून पाहिली की जी गोल खिडकी दिसते तिच्या रुंदीवर. फोकल लेंथला एफच्या आकड्याने भागा, रुंदी मिळते. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं भोक तीन-चार मिमी, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं. (म्हणून तर मोबाइल धूसरपणा गणिताने रंगवतो आणि मुंडावळ्यांचे मोती अर्धे खातो.) ५० एफ १.८ चं भोक २८ मिमी, एखादं बोर. ८५ एफ १.८ चं ४७, ते झालं लिंबू. १३५ एफ २ चं साडेसदुसष्ट, ती मोसंबी. क्रीडा छायाचित्रकारांच्या २०० एफ २ चं बरोबर १००, सोललेल्या नारळाएवढं. तो अडीच किलोचा नारळ गळ्यात अडकवून वरातीत नाचता येत नाही, म्हणून तो विषय मी काढत नाही.

आता यातली खरी गंमत. माणसावर फोकस करा आणि त्याच्यामागे खूप दूर एखादा दिवा असू द्या. त्या दिव्याचा गोळा होतो. तो गोळा माणसाच्या मापात किती मोठा दिसतो? बरोबर भोकाएवढा! लिंबाची लेन्स असेल तर चेहऱ्याशेजारी लिंबाएवढा, मोसंबीची असेल तर मोसंबीएवढा. तुम्ही दोन मीटरवर उभे राहा नाहीतर सहा मीटरवर, बॉडी क्रॉप असो नाहीतर फुल फ्रेम, मागचा दिवा पुरेसा दूर असेल तर गोळ्याचं माप हलत नाही. लांब गेलात तर चेहरा लहान होतो आणि गोळाही त्याच प्रमाणात लहान होतो.

हे मला पुस्तकात वाचून पटलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात भाच्याला गावाबाहेर एका शेताच्या बांधावर उभं केलं, त्याच्या हातात शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी दिली. मागे साधारण किलोमीटरभरावर पाचोऱ्याचे दिवे लागत होते. ८५ ने जवळून एक काढला, मग दहा पावलं मागे सरकून एक. संगणकावर पट्टीच्या खुणा आणि गोळा शेजारी शेजारी ठेवून मोजलं, तर दोन्ही वेळा साडेचार आणि पावणेपाच सेंटिमीटरच्या मध्ये. मी एकटाच खोलीत हसलो. १३५ लावली तेव्हा साडेसहाच्या पुढे गेला. फ्रेमच्या कडेचे गोळे मात्र मोजू नका. तिथे भोक तिरकं दिसतं, गोळा चेपून मांजराच्या डोळ्यासारखा होतो.

म्हणजे शेतात, नदीकाठी, मोकळ्या रस्त्यावर मोसंबीच जिंकते. त्यात वाद नाही. पण कार्यालयात?

कार्यालयात नवरीच्या मागे किलोमीटरभर मोकळी जागा नसते. तिच्यामागे भिंत असते. भिंतीवर सोनेरी झालर, थर्माकोलचा गणपती, कुलरचं तोंड आणि त्याच्याखाली बसलेल्या दोन मावश्या. अशा वेळी भोकाच्या मापाला एक कात्री लागते. भोकाला नवरी ते भिंत या अंतराने गुणायचं आणि तुम्ही ते भिंत या अंतराने भागायचं. बस, एवढंच गणित आहे. शहराचे दिवे असतील तर दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी, भोक पूर्ण मिळतं. भिंत जवळ असेल तर भोकाचा तुकडाच हाती लागतो.

भाडगावच्या मित्रासाठी हिशेब असा. डोक्यापासून कमरेपर्यंतची फ्रेम, भिंत नवरीच्या मागे दोन मीटरवर. त्याच्या क्रॉप बॉडीवर ८५ लावून त्याला नवरीपासून सव्वातीन मीटरच्या आत-बाहेर उभं राहावं लागेल. भिंतीवरच्या झालरीचा प्रत्येक ठिपका १८ मिमीचा होईल. १३५ लावली तर तीच फ्रेम मिळवायला त्याला पाच मीटर मागे जावं लागेल. ठिपका होईल १९ मिमीचा.

अठराचे एकोणीस. एवढ्यासाठी हाताशी असलेली लेन्स विकायची आणि वर पैसे भरायचे.

आणि ते पाच मीटर सोडूनच द्या. मी एकदा उत्साहाच्या भरात नुसती १३५ घेऊन हळदीला गेलो होतो. मागे सरकत सरकत पाठ स्वयंपाकघराच्या दाराला टेकली. माझ्या आणि नवरीच्या मध्ये वांग्याच्या भरिताचं पातेलं, तीन मामा आणि हात उंचावलेले वीस मोबाइल. आचारी म्हणाला, ‘भाऊ, एक तर आत या, नाहीतर बाहेर जा.’ त्या दिवशीचे माझे सगळ्यात बरे फोटो पातेल्याचे आहेत.

त्याऐवजी नवरीला भिंतीपासून एक मीटर पुढे आणलं तर? ‘ताई, जरा दोन पावलं पुढे या,’ एवढंच म्हणायचं. तीच ८५, तीच बॉडी, आणि ठिपका १८ वरून जवळजवळ २३ मिमीवर. हातातल्याच लेन्सवर मिळालेला हा फायदा फुकटचा आहे. हीच ८५ कोणाच्या फुल फ्रेमवर असेल तर तो दोन मीटरवर उभा राहतो, आणि नवरी न हलवताही साडेतेवीस मिळतात. म्हणून मी म्हणतो, कार्यालयात काम करणाऱ्याने आधी जागेचा विचार करावा, मग बॉडीचा, लेन्सचा सगळ्यात शेवटी.

आता थोडं आडवाटेला जातो, कारण हे भोकाचं खूळ जुनं आहे. १८४० मध्ये व्हिएन्नात जोझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने खास माणसांच्या फोटोसाठी पहिली लेन्स आखली, फोग्टलेंडरने ती बनवली. फोकल लेंथ सुमारे १५० मिमी, एफ ३.६. भागून पाहा: जवळजवळ ४२ मिमी. आपल्या लिंबाच्या किंचित आतच! त्या काळी मागचं उडवणं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. डागेरोटाइपसाठी माणसाला मिनिटांच्या हिशेबात पुतळा होऊन बसावं लागे, ती शिक्षा कमी करायची होती. प्रकाश पाहिजे म्हणून भोक मोठं केलं आणि धूसरपणा मागच्या दाराने आत आला.

आणि या मोठ्या भोकाच्या नेमकं उलट टोक पाहायचं तर पाचोऱ्याहून मुंबईकडे जाणारी गाडी पकडून चाळीसगावला उतरावं. स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, त्यांनीच त्याला नाव दिलेलं, ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’. १९१२ चा जन्म, इंग्लंडमधलं कलाशिक्षण, आणि नंतर १९८९ पर्यंतचं बहुतेक सारं आयुष्य त्या घराच्या भिंतींच्या आत. त्यांच्या एकांताच्या, येणाऱ्या गाडीची वाट पाहण्याच्या कथा खान्देशात सगळ्यांना पाठ आहेत, त्या मी पुन्हा सांगत नाही. मला ओढ त्यांच्या टेबलटॉपची. टेबलावर देखावा रचायचा आणि पाहणाऱ्याला तो खरा मुलूख वाटला पाहिजे. या कलेत मिठाचा बर्फ होतो, काटकीचं झाड होतं.

आता आपलं लिंबू तिथे लावून पाहा. काटकीचं झाड वीतभर उंच, आणि भोक ४७ मिमी, म्हणजे झाडाच्या उंचीचा जवळजवळ पाचवा भाग! पुढचं झाड स्पष्ट आणि मागचा डोंगर लगेच लापशी. पाहणाऱ्याचा डोळा तत्काळ ओळखतो की हे खेळणं आहे, कारण खऱ्या डोंगरापुढे कोणाच्याही लेन्सचं भोक मुंगीएवढं असतं. म्हणून टेबलटॉपवाल्याला भोक मिटवत मिटवत सुईच्या नेढ्याकडे न्यावं लागतं आणि एक्स्पोजर लांबवत बसावं लागतं. बंद घरात राहणाऱ्या माणसाला वेळेची टंचाई नव्हती. आपण मागचं नको असतं म्हणून उडवतो, मूस मागचं स्वतःच्या हाताने मांडत. एक भिंतीची झालर आवडत नाही म्हणून लाखभराची लेन्स घेऊ पाहणाऱ्या माझ्यासारख्याने त्या घरात एकदा तासभर काढावा.

तर भाडगावकर, ८५ विकू नका. प्री-वेडिंगची कामं वाढली, केळीच्या बागांत आणि नदीपात्रात शूट होऊ लागले, तर १३५ जोडीला घ्या. तिथे केळीची रांग तीस मीटर मागे असेल तर तुमच्याच बॉडीवर ८५ बेचाळीस-त्रेचाळीस मिमीचा ठिपका देईल आणि १३५ सत्तावन्न-अठ्ठावन्नचा. तो फरक गिऱ्हाइकालाही दिसतो.

१.४ चा हिशेब आणि उन्हातल्या पांढऱ्या टोपीला येणारी जांभळी कड, दोन्ही पुढच्या आठवड्यात. तोवर ज्यांच्याकडे कुठलीही प्राइम आहे त्यांनी दिवेलागणीला पट्टीचा प्रयोग करून आकडे कळवावेत. पट्टी लाकडी घ्या. मी पहिल्या दिवशी स्टीलची नेली होती, ती अशी चमकली की खुणाच दिसेनात, आणि भाच्याला दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बांधावर उभं करायला दोन कुल्फ्या पडल्या.