गोंडवाना विद्यापीठाची अधिसभा : निवड कशी होते?

२०११ साली नागपूर विद्यापीठातून विलग होऊन गडचिरोली येथे स्थापन झालेल्या, आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांवर ज्याचा अंमल आहे, त्या गोंडवाना विद्यापीठाच्या कारभारात शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांचे मत उमटावे, यासाठी अधिसभेची योजना आहे.

जागा : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्राचार्यांचे १०, अध्यापकांचे १०, संस्थाचालकांचे ६ व नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडले जातात, पदवीधरांच्या जागांपैकी ५ अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक याप्रमाणे राखीव असतात. मुदत ५ वर्षांची.

मतदान : एकल संक्रमणीय मतपद्धतीत मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो, आणि विजयास आवश्यक तो कोटा ओलांडून उरलेली मते पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात; सबब अल्पसंख्य मतप्रवाहालाही प्रतिनिधित्व लाभू शकते.

नोंदणी : पदवी मिळाल्याने मताधिकार आपोआप प्राप्त होत नाही, भामरागड, एटापल्ली वा सिरोंचा येथील पदवीधराने विद्यापीठाच्या दफ्तरी आपले नाव अवश्य दाखल करावे, कारण तसे केले तरच या वनप्रदेशाच्या विद्यापीठात त्याच्या तालुक्याचा शब्द खऱ्या अर्थाने पोहोचेल.