उतार मांड्यांवर का येतो?

धावणारं शरीर : भाग ७

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला पहिल्यांदा येणारे धावपटू यवतेश्वरच्या घाटाचा धसका घेऊनच येतात. चढावर दम लागतो, बरेच जण मुकाट्याने चालू लागतात. मग परतीचं वळण येतं, रस्ता खाली झुकतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. श्वास जागेवर येतो, वेग वाढतो, गप्पाही सुरू होतात. वसुली होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जिना कसाबसा चढता येतो, पण उतरताना कठड्याला धरून, आडवं होत एकेक पायरी घ्यावी लागते. राजगड उतरून आलेल्या नवख्या ट्रेकरचीही हीच गत.

खापर फुटतं लॅक्टिक अ‍ॅसिडवर. जिममधल्या ट्रेनरपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळ्यांना ते पाठ असतं. पण हा समज चुकीचा आहे. १९८३ साली अमेरिकेत जेम्स श्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना ट्रेडमिलवर पाऊण तास पळवलं : एकदा सपाटीवर, एकदा १० टक्के उतारावर. सपाटीवर रक्तातलं लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट फारसं वाढलंच नाही, पाय मात्र पुढे चांगलेच ठणकले. तसंही पळणं थांबल्यावर तासाभरात लॅक्टेट पूर्वपदावर येतं. दोन दिवसांनी होणाऱ्या दुखण्याचा आळ त्याच्यावर घालण्यात अर्थ नाही.

मग होतं काय? मांडीच्या पुढच्या बाजूला चार भागांचा मोठा स्नायू असतो, क्वाड्रिसेप्स. धावपटूंच्या तोंडी तो नुसता ‘क्वाड्स’. चढावर तो आखडत जातो, गुडघा सरळ करतो आणि अंगाला वर ढकलतो. उतारावर गणित उलटं. पाऊल टेकलं की गुडघा वाकतो, क्वाड्स लांबत जातात आणि लांबत असतानाच त्यांना जोर लावून अंगाचा भार तोलून धरावा लागतो. काम गाडीच्या ब्रेकचं. सपाटीवरही प्रत्येक पावलाला हे थोडंफार घडतं. उतारावर ते कितीतरी वाढतं.

गंमत अशी, की हे काम शरीराला फार स्वस्तात पडतं. १९५२ साली अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने सरळ पॅडल मारायचं, दुसऱ्याने उलटी फिरणारी पॅडलं पायांनी रोखायची. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा पॅडल रोखणाऱ्या एका लहानखुऱ्या बाईने पॅडल मारणाऱ्या दांडग्या पुरुषाला सहज दमवलं.

स्वस्ताईचं कारण स्नायूच्या आत आहे. आखडताना मायोसिन या प्रथिनाची टोकं अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरतात, ओढतात आणि सोडतात; दर वेळी सुटण्यासाठी एटीपी हे इंधन लागतं. लांबणाऱ्या स्नायूत ही पकड बऱ्याचदा बाहेरच्या ओढीनेच सुटते, त्यामुळे इंधन वाचतं. शिवाय तेवढ्याच भाराला कमी तंतू पुरतात. मेख इथेच आहे. भार तोच आणि तो उचलणारे मोजके, म्हणून एकेका तंतूवरचा ताण वाढतो. स्वीडनमध्ये यान फ्रिडेन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली काही जणांना पुन्हा पुन्हा जिने उतरायला लावून त्यांच्या पायाच्या स्नायूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तंतूंमधल्या एरवी आखून काढल्यासारख्या सरळ असणाऱ्या झेड-रेषा जागोजागी विस्कटलेल्या दिसल्या. सूज आणि ठणका मागाहून येतो, २४ ते ७२ तासांत कधीतरी कळस गाठतो. ताकद मात्र शर्यत चालू असतानाच घटू लागते, आणि श्वास ठीक असल्यामुळे ते ध्यानात येत नाही.

बॉस्टन मॅरेथॉनमध्ये हे दर वर्षी दिसतं. शर्यत हॉपकिंटन गावात सुरू होते आणि सुमारे १४० मीटर खाली येऊन संपते. २०११ मध्ये जेफ्री मुताईने ती २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत जिंकली. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ सरस होती, तरी विक्रमाच्या यादीत ती आली नाही. एवढा उतार नियमात बसत नाही, आणि सुरुवात व शेवट यांतलं अंतरही. म्हणजे बॉस्टन सोपी? तिथे पळालेल्यांना विचारावं. सुरुवातीचे कित्येक किलोमीटर उताराचे, मग न्यूटनच्या टेकड्या आणि ३२ किलोमीटरनंतर हार्टब्रेक हिल. ती जेमतेम २७ मीटर उंच, यवतेश्वरपुढे काहीच नाही. पण तिथवर मांड्यांनी हजारो वेळा ब्रेक मारलेला असतो.

सुदैवाने स्नायू लवकर शिकतात. एकदा बऱ्यापैकी उतार पळून पाय दुखले, की पुढचे कित्येक आठवडे तेवढाच उतार फार कमी इजा करतो. त्यामुळे मुंबईच्या सपाटीवर सराव करून, पेडर रोडच्या चढाला घाट समजून साताऱ्याला जाणाऱ्यांनी शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एखादा खरा घाट पळत उतरून पाहावा. पावलं आखूड आणि भराभर टाकावीत. शेवटच्या आठवड्यात मात्र हा उद्योग नको, कारण दुखावलेल्या स्नायूला सावरायला तेवढा वेळ मिळत नाही. आणि शर्यतीनंतर लघवी चहाच्या रंगाची झाली, तर ती नेहमीची अंगदुखी समजू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हार्टब्रेक हिलवर मोडणाऱ्यांचं दुसरंही एक दुखणं असतं : ग्लायकोजेनचा साठा त्याच सुमाराला तळाला जातो. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.