घरगुती मत्स्यतळी आणि वन्य भक्षक : खांदा कॉलनी (पनवेल) व रायगडच्या खारेपाटाच्या संदर्भात

सारांश : अंगणातील वा परसातील लहान तळ्यात मासे पाळणाऱ्यांना पक्षी, साप व इतर प्राण्यांमुळे माशांची घट सोसावी लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पनवेलजवळील खांदा कॉलनी आणि रायगड जिल्ह्यातील खारेपाट यांच्या संदर्भात केला आहे. भक्षकाला हटविण्यापेक्षा त्याच्या शिकारीची रीत ओळखून तळ्याची रचना बदलणे अधिक परिणामकारक, कमी खर्चाचे आणि कायद्याला धरून असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : मत्स्यतळे, पाणपक्षी, जिताडा, खारेपाट, वन्यजीव संरक्षण.

प्रस्तावना

नवीन पनवेलच्या पश्चिम भागातील खांदा कॉलनी ही सिडकोने विकसित केलेली वसाहत आहे. नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि पुढील दशकांत पनवेल तालुक्यातील भातखाचरे, खाजणे व पाणथळ जागा यांचा बराच भाग बांधकामाखाली गेला. २०१६ मध्ये येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. तथापि या परिसरातून पाणी हद्दपार झालेले नाही. गाढी नदी, पनवेलची खाडी व तिच्या काठची तिवरे, खांदेश्वर मंदिराजवळील तळे, पनवेल शहरातील वडाळे तलाव ही सर्व ठिकाणे पाणपक्ष्यांच्या उड्डाणाच्या टप्प्यात येतात. कर्नाळ्याचे अभयारण्य जवळ असले तरी ते प्रामुख्याने रानपक्ष्यांचे आहे; अंगणातील तळ्यावर उतरणारे पक्षी तेथून येतात असे मानण्याचे कारण नाही. ते खाडीचे आणि उरल्यासुरल्या पाणथळीचे रहिवासी होत.

अशा वसाहतीत बैठ्या घराच्या अंगणात सिमेंटचे लहान तळे बांधून त्यात गोल्डफिश, कोई किंवा डासांच्या अळ्यांसाठी गप्पी सोडले जातात. घरमालकाच्या दृष्टीने ती शोभा असते. वरून जाणाऱ्या वंचकाच्या दृष्टीने मात्र ते उथळ, नितळ आणि आडोसा नसलेले पाणी असते. नैसर्गिक डबक्यात गढूळपणा, गवत व चिखल यांमुळे माशाला जे संरक्षण मिळते, ते येथे हौसेने काढून टाकलेले असते. त्यातच लाल-केशरी रंगाचे मासे निवडले, तर पक्ष्याला शोधण्याचेही श्रम उरत नाहीत.

घट नेमकी कोणामुळे?

मासे कमी झाले की काठावर दिसलेल्या पक्ष्याला दोष दिला जातो. हा निष्कर्ष अनेकदा घाईचा ठरतो. बगळ्याच्या तावडीतून सुटलेल्या मोठ्या माशाच्या पाठीवर चोचीची जखम दिसते. पाणकावळा मासा अख्खा गिळतो, त्यामुळे मागे काहीच उरत नाही. मांजर वा मुंगूस यांच्या भक्ष्याचे खवले आणि तुकडे काठावर सापडतात. पाणमांजराचा उपद्रव दक्षिण कोकणातील व गोव्यातील खाड्यांच्या काठी जाणवतो. वसाहतीतील अंगणात त्याचा संशय घेण्याचे कारण सहसा नसते.

याहून महत्त्वाचा मुद्दा पहाटेचा आहे. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, पण मासे, शेवाळ व तळाचा गाळ पाण्यातील प्राणवायू वापरतच राहतात. परिणामी सूर्योदयाच्या सुमारास पाण्यातील विरघळलेला प्राणवायू सर्वात कमी असतो. गर्दी झालेल्या तळ्यातील मासे या वेळी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत राहतात आणि नेमक्या याच वेळी बगळे खाद्याच्या शोधात बाहेर पडतात. रातढोकरी तर अंधारातच काठावर येऊन बसते. अशा तळ्यात पक्षी जे वेचतो, त्यातील काही मासे प्राणवायूअभावी तसेही मेले असते. म्हणून माशांची संख्या आवाक्यात ठेवणे, उरलेले खाद्य काढणे आणि रात्री हवेचा पंप चालू ठेवणे हेदेखील भक्षकापासून संरक्षणच होय. ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही.

पिल्लांच्या बाबतीत तर मुख्य शत्रू पाण्याखालीच असतो. चतुराच्या अळ्या व पाणढेकूण मत्स्यजिऱ्यांचा मोठ्या प्रमाणात फडशा पाडतात. संगोपन तळ्यांत यासाठी तेल व साबण यांचे मिश्रण पृष्ठभागावर पसरविण्याची पद्धत रूढ आहे. हेक्टरी ५६ किलो तेल व १८ किलो साबण हे त्याचे प्रमाण, म्हणजे चौरस मीटरला सुमारे साडेपाच ग्रॅम तेल व दोन ग्रॅमहून थोडा कमी साबण. तेलाच्या तवंगामुळे हवेतून श्वास घेणारे कीटक गुदमरतात. चतुराच्या अळ्या कल्ल्यांनी श्वास घेत असल्याने त्यांच्यावर याचा तितका परिणाम होत नाही. हे मिश्रण वारा नसताना आणि पिल्ले सोडण्यापूर्वी वापरावयाचे असते. अंगणातील तळ्यास मात्र त्याहून सोपा मार्ग आहे, तो म्हणजे जिरे न सोडता बोटभर लांबीची बोटुकली सोडणे.

शिकारीची रीत आणि तळ्याची रचना

वंचक हे नाव अर्थपूर्ण आहे. मातकट रंगाचा हा पक्षी उथळ पाण्यात निश्चल उभा राहून भक्ष्याची फसगत करतो. परंतु त्याची सारी कला पायांच्या लांबीवर अवलंबून असते. उतरता काठ असलेल्या तळ्यात तो सहज चालत शिरतो. काठ उभा असून पाणी काठापासूनच दोन फूट खोल असेल, तर त्याला उभे राहण्यास जागाच मिळत नाही. पाण्याची पातळी काठापेक्षा वीतभर खाली ठेवल्यास काठावरून चोच मारणेही अवघड होते. राखी बगळ्याचे पाय अधिक लांब असतात, पण तोही बहुधा तळ्याशेजारी उतरून मग पाण्याकडे चालत येतो. काठालगत जमिनीपासून वीतभर व त्याच्या दुप्पट उंचीवर ताणलेल्या दोन दोऱ्या त्याला अडवू शकतात.

पाणकावळ्यापुढे खोली निरुपयोगी आहे, कारण तो पाण्याखाली पोहत पाठलाग करतो. त्याची अडचण वेगळी आहे. पाण्यावरून उडण्यासाठी त्याला काही अंतर धावत जावे लागते, त्यामुळे पृष्ठभागावर आडव्या-उभ्या दोऱ्या असल्या की तो उतरण्यास नाखूश असतो. खंड्या तारेवरून वा फांदीवरून सूर मारतो. पाण्यावर झुकलेली बसण्याची जागा काढली की त्याचे येणे कमी होते. त्याचे भक्ष्य लहान असल्याने मोठ्या कोईला त्याच्यापासून भय नाही.

या सर्वांवर एक सामाईक उपाय म्हणजे आडोसा. तळाशी फुटके माठ, कौले, रुंद पाइपांचे तुकडे ठेवावेत आणि पृष्ठभागाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग कुमुदिनीच्या पानांनी झाकलेला असावा. जलपर्णी मात्र टाळावी. ती काही आठवड्यांत सारे तळे व्यापते आणि पहाटेच्या प्राणवायूचा प्रश्न बिकट करते.

प्लास्टिकचे घुबड, चकाकणाऱ्या पट्ट्या व जुन्या सीडी यांचा धाक पक्ष्यांना थोडे दिवस वाटतो. बगळा हा निरीक्षणावर जगणारा पक्षी असल्याने न हलणाऱ्या घुबडाचे स्वरूप त्याच्या लवकरच लक्षात येते.

जाळी : उपाय आणि अपाय

सर्वाधिक वापर नायलॉनच्या जाळीचा होतो आणि सर्वाधिक हानीही तिच्यामुळेच होते. सैल, बारीक धाग्याची जाळी पक्ष्याला दिसत नाही. त्यात पाय वा पंख अडकून तो तडफडत मरतो. विरोळा अर्थात दिवड हा बिनविषारी पाणसाप तिच्या छिद्रात डोके घालतो. पुढे जाता येत नाही आणि खवल्यांमुळे मागे येता येत नाही. त्यामुळे जाळी लावावयाचीच असेल तर ती जाड व ठळक रंगाच्या धाग्याची, चौकटीवर ताणलेली आणि पाण्यापासून फूटभर वर असावी. जमिनीलगतचा भाग तारेच्या कडक जाळीचा व बोट न शिरेल इतक्या बारीक छिद्रांचा असावा आणि दिवसातून एकदा तिची पाहणी व्हावी.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याची २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. बगळे, पाणकावळे, खंड्या, दिवड व घोरपड यांना या कायद्याचे संरक्षण आहे. कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, सापळा लावणे, विष घालणे तसेच पक्ष्यांची घरटी व अंडी नष्ट करणे यांचाही समावेश होतो. शिवाय एक बगळा नाहीसा केल्याने मोकळी झालेली जागा दुसरा बगळा घेतो. त्यामुळे मारण्याचा मार्ग बेकायदेशीर तर आहेच, पण निष्फळही आहे.

खारेपाटातील जिताडा

पनवेलच्या दक्षिणेस पेण-अलिबागच्या खारेपाटात घरालगतचे तळे हे शोभेचे नसून उत्पन्नाचे साधन आहे. अलिबाग तालुक्यातील शहापूर-धेरंड परिसर त्यासाठी परिचित आहे. खाडीतून पावसाळ्यात येणारी जिताड्याची पिल्ले तळ्यात सोडून वाढविली जातात. या माशाला भाव चांगला मिळत असल्याने एकेका माशाची घट कुटुंबाला जाणवते. येथे वेगळीच अडचण उद्भवते. जिताडा स्वतःच भक्षक असून लहानपणी तो आपल्याच भावंडांना गिळतो. स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासाही त्याला जड जात नाही. त्यामुळे पाणकावळ्यावर फोडलेले खापर पुष्कळदा तळ्यातीलच दांडग्या पिल्लांचे असते. आकारानुसार निवड करून पिल्ले वेगळी ठेवणे आणि पुरेसे लहान मासे खाद्य म्हणून देणे, हा येथील पहिला उपाय ठरतो.

२०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे राज्यात प्लास्टिक अस्तराच्या तळ्यांची संख्या वाढली. त्यांचा तीव्र उतार बगळ्याला उभे राहू देत नाही, म्हणून माशांच्या दृष्टीने तो सोयीचा. परंतु त्याच निसरड्या उतारावरून पाण्यात पडलेले जनावर, साप किंवा मूल वर येऊ शकत नाही; अशा तळ्यांत बुडून मृत्यू झाल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. अशा तळ्याभोवती कुंपण घालावे आणि चारही बाजूंना खुंटीस बांधलेला गाठींचा दोर पाण्यात सोडून ठेवावा. दोर पातळ असल्याने बगळ्याला त्यावर उभे राहता येत नाही.