विंडोजची फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला का विचारत नाही?

"सर, कॉम्प्युटरमध्ये फायरवॉल चालू दाखवते, मग भीती कशाची?" पालकसभेत आम्हाला हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. मुलांची स्कॉलरशिप, आधार, बँकेचे कागद, सगळं आता घरच्या त्याच एका मशीनवर असतं.

फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. २००१ च्या विंडोज एक्सपीत तो होता, पण झोपवून ठेवलेला! ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला. कुणी काही क्लिक केलं नाही, नुसतं इंटरनेट जोडलं तरी कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. मग २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने फायरवॉल सुरुवातीपासूनच चालू ठेवली.

पण एक्सपीचा हा पहारेकरी फक्त आत येणाऱ्यालाच हटकायचा. व्हिस्टापासून बाहेर जाणाऱ्यालाही अडवायची सोय झाली, मात्र तसा नियम आपण स्वतः केला तरच. विंडोज ११ मध्येही मूळ सेटिंग तीच आहे. खरी गोम इथे आहे. समजा, मुलाने फुकटचा गेम उतरवला आणि त्यात पासवर्ड चोरणारा प्रोग्राम निघाला. तो आपण टाइप केलेलं सगळं बाहेर पाठवतो. फायरवॉल गप्प. 'परवानगी द्यायची का?' अशी जी खिडकी कधीमधी उघडते, ती बाहेरून येणारी जोडणी घेऊ पाहणाऱ्या प्रोग्रामसाठी असते. म्हणून खिडकी आली नाही याचा अर्थ सगळं ठीक, असा होत नाही.

त्यातून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळालेला प्रोग्राम स्वतःच फायरवॉलमध्ये आपल्यासाठी वाट करून घेतो. पहारेकऱ्याच्या किल्ल्याच त्याच्या हातात! आणि घाईत 'येस' दाबून त्या देतो आपणच.

मग बाहेरची वाट सरसकट बंद करायची का? तसं केलं तर ब्राउझरही चालणार नाही, एकेका प्रोग्रामला सूट देत बसावं लागेल. घरच्या माणसाला ते जमणारं नाही, असं आमचं मत. त्यापेक्षा मुलांना साधं 'स्टँडर्ड' खातं द्या आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड अम्मी-अब्बूंकडेच ठेवा. स्टेशनच्या वाय-फायवर नेटवर्क 'पब्लिक'च ठेवा. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये परवानगी दिलेल्या प्रोग्रामांची यादी असते, ती आज एकदा उघडून बघा. त्यात मुलाने कधीच काढून टाकलेल्या गेमचं नावही सापडेल कदाचित. त्याच्यापुढची खूण काढून टाका.