ब्रशच नाही, मग रंग कसा चढला?

एक लाकडी भोवरा घे पाहू हातात. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, छान चकचकीत. आता अगदी डोळ्यांजवळ ने. रंगाचा एखादा ओघळ दिसतोय? ब्रशचा एखादा फराटा? नाही ना! आणि लाल संपून पिवळा सुरू होतो ती रेघ बघ. किती नेटकी! चित्रकलेच्या तासाला पट्टी लावूनसुद्धा आपल्याला अशी जमत नाही.

ओळख बरं, हा रंग कुठल्या ब्रशने दिला असेल?

कुठल्याच नाही! इथे ब्रश लागतच नाही!

चल, आपण चन्नपट्टणला जाऊ. कर्नाटकात बंगळूरूहून मैसूरला निघालं की वाटेत हे गाव लागतं. लाकडी खेळण्यांसाठी ते इतकं नावाजलेलं आहे की त्याला बाहुल्यांचं गाव म्हणतात. इथला कारागीर लाकडाचा तुकडा लेथवर बसवतो. लेथ म्हणजे लाकूड गरागरा फिरवणारं यंत्र. लाकूड फिरत असताना तो त्यावर धारदार हत्यार नुसतं टेकवतो. सर्रर्र! पातळ पातळ छिलके उडतात आणि बघता बघता ठोकळ्याचा गोल गरगरीत भोवरा होतो.

आता खरी जादू! कारागीर एक रंगीत कांडी उचलतो आणि फिरत्या भोवऱ्यावर दाबून धरतो. बस, एवढंच! कांडी वितळते आणि रंग लाकडावर पसरतो.

पण शेगडी नाही, मेणबत्ती नाही, मग कांडी वितळली कशी?

दोन्ही तळहात एकमेकांवर जोरजोरात घास. दहापर्यंत मोज. झाले ना गरम? तिथेही हेच होतं! याला म्हणतात घर्षण. लाकूड इतक्या वेगाने फिरतं की कांडी घासून तापते. आणि ती असते लाखेची. पाणी उकळायला 100 अंश सेल्सियस तापमान लागतं, पण लाख त्याच्या आधीच मऊ पडते.

आता सांग, ही लाख बनवतं कोण? कारखाना? छे! एक इवलासा किडा!

पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे लाखेचे किडे हजारोंच्या संख्येने बसतात. झाडाचा रस पितात आणि अंगातून एक चिकट पदार्थ सोडतात. तो वाळून टणक झाला की त्याच्या आत किडा सुरक्षित! माणसं ती लाख खरवडून काढतात, स्वच्छ करतात, तापवतात, त्यात रंग मळतात आणि कांड्या वळतात. तुझ्या भोवऱ्यावरची चमक म्हणजे एका किड्याचं घर आहे, कळलं?

थांब, अजून एक गंमत राहिलीच. ही चकाकी यायला शेवटी काय घासतात, माहीत आहे? केवड्याचं पान! हो, गणपतीच्या दिवसांत बाजारात ज्याचा घमघमाट सुटतो, तोच केवडा. त्याचं वाळलेलं पान फिरत्या खेळण्यावर दाबून धरलं की लाख सगळीकडे सारखी पसरते आणि खेळणं लखलखतं.

आपल्या सावंतवाडीलाही लाखकाम चालत आलंय बरं का! पण सिंधुदुर्गातलं हे गाव ओळखलं जातं ते लाकडी फळांसाठी. तिथल्या चितारआळीत दुकानंच्या दुकानं भरलेली असतात. आंबे, केळी, सीताफळं! ही फळं मात्र ब्रशनेच रंगवतात, आणि इतकी हुबेहूब की मोठी माणसंसुद्धा हात लावून खात्री करून घेतात. फळ उचललं की आणखी एक धक्का. अरेच्चा, हे किती हलकं! कारण अशा खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड वापरतात. ते खूप हलकं आणि मऊ असतं.

लाकूड हलकं कसं? आतून ते म्हणजे बारीक बारीक नळ्यांची जुडी. सरबत प्यायच्या स्ट्रॉ मूठभर एकत्र धराव्यात, तशी! झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वर चढतं. लाकूड वाळलं की तिथे हवा भरते.

ही हवा आणखी एक काम करते. थंडीत सकाळी एक हात स्टीलच्या ताटावर ठेव, दुसरा पोळपाटावर. ताट थंडगार लागेल, पोळपाट नाही. खरं तर दोघांचं तापमान अगदी सारखं असतं! स्टील हाताची ऊब भराभर ओढून घेतं. लाकूड आतल्या हवेमुळे ती हळूहळू घेतं. लाकडी खेळणं हातात धरल्यावर बरं वाटतं, याचं एक कारण हेच. मला तर हे कारण फार आवडतं!

आणि लाकडी खेळण्यांचं हे वेड आजचं नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक लाकडी मांजर आहे, इजिप्तमधलं, 3000 वर्षांहून जुनं! त्याच्या तोंडात कांस्याचे दात आहेत. दोरी ओढली की जबडा उघडतो नि मिटतो!

दोरीची हीच युक्ती तू जत्रेत पाहिली असशील. फळीवर गोल उभ्या असलेल्या लाकडी कोंबड्या, खाली लोंबणारा गोळा. फळी गोल गोल हलवली की कोंबड्या टकटक, टकटक दाणे टिपतात! बाबांच्या हातात दिलं तर ते लवकर परत देणार नाहीत. गोळा ज्या बाजूला झुकतो, त्याच्या समोरच्या बाजूची दोरी ताणली जाते आणि तिथली कोंबडी मान हलवते. पुढच्या जत्रेत फळी उलटी करून बघ आणि दोऱ्या मोज. जेवढ्या कोंबड्या, तेवढ्या दोऱ्या!